कमलाक्षी टीचरनी पकडलेलं अक्षर

कमलाक्षी टीचरना टायपिंगमधली चूक दिसायच्या आधी ऐकू यायची. वर्गाकडे पाठ करून त्या हजेरी भरत बसलेल्या असायच्या, मागे चौदा मशिनं एकदम कडकडत असायची, आणि मान न वळवता त्या म्हणायच्या, "सरोजा, करंगळी घसरली." सरोजा कागद वर ओढून बघायची, तर खरंच घसरलेली.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत ही टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट त्यांच्या वडिलांनी, सीतारामरावांनी काढली होती. वडील गेले तेव्हा कमलाक्षी सव्वीस वर्षांच्या होत्या. लग्नाची बोलणी दोन-तीनदा झाली आणि राहिली. इन्स्टिट्यूट मात्र एक दिवस बंद राहिली नाही. घरात बोलणं मराठी, दाराबाहेर तमिळ, मशिनवर इंग्रजी. गल्लीतल्या बाकी मराठी घरांसारखंच देवनागरी त्यांनाही वाचता येत नव्हतं. मराठीत काही टिपून ठेवायचं झालं तर त्या तमिळ अक्षरांत लिहायच्या. त्यांची वही पुण्याच्या माणसाला वाचता आली नसती, आणि मदुरैच्या माणसाने वाचली असती तरी कळली नसती. याची त्यांना फार गंमत वाटे.

एकेकाळी दहावी झालेलं पोर थेट त्यांच्या दारात येई. सरकारी नोकरी म्हणजे आधी टायपिंग. मग देशाचं वारं बदललं. नोकरीच्या जाहिरातींत टायपिंगच्या जागी कॉम्प्युटर आला आणि मशिनांवर धूळ बसू लागली. दोन हजार एक साली टीचरनी आठ मशिनं विकून टाकली आणि सहा कॉम्प्युटर आणून बसवले. दारावरच्या पाटीवर नाव रंगवलं: श्री शारदा टाइपरायटिंग अँड ब्राउझिंग सेंटर. गल्लीतले लोक हसले. पन्नाशीला आलेली बाई आता इंटरनेट विकणार म्हणाले.

पण टीचरनी एक गोष्ट केली जी नव्या बसस्टँडजवळच्या सेंटरवाल्यांनी केली नव्हती. त्यांनी फळ्यांच्या खोल्या पाडल्या नाहीत, पडदे लावले नाहीत. सहाही कॉम्प्युटरचे पडदे दाराकडे तोंड करून, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतील असे ठेवले. त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत असं झालं की मुलीला कॉलेजचा फॉर्म भरायचा असला की आईबाप म्हणत, "टीचरकडे जा, दुसरीकडे नको."

हे सगळं दोन हजार पाचच्या नवरात्रात एका आठवड्यात मातीला मिळायची वेळ आली.

त्या सप्टेंबरच्या शेवटी टीचरना इंटरनेटवर एक स्क्रीनसेव्हर सापडला. फुकट होता. पडद्यावर कोलूच्या, म्हणजे तमिळ घरांत नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या आराशीच्या, नऊ पायऱ्या, पायऱ्यांवर बाहुल्या, दोन्ही बाजूंना समया, आणि समयांच्या ज्योती हलत होत्या. टीचर बघतच राहिल्या. उतरवून घेताना मशीन दोन-तीनदा काहीतरी विचारत होतं. त्यांनी प्रत्येक वेळी 'होय' दाबलं. एका सीडीवर घेऊन पाच कॉम्प्युटरांवर तो बसवला. सहावा फार जुना, त्याच्यावर तो चालेना. येणारी माणसं थांबून कोलू बघू लागली. टीचर खूश झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक नंबरच्या कॉम्प्युटरचं होमपेज बदललेलं होतं. रोजच्या पानाऐवजी भलतंच एक शोधायचं पान, निळं-पिवळं, कधी न पाहिलेलं. टीचरनी सेटिंगमध्ये जाऊन जुनं पान परत लावलं. ब्राउझर बंद करून उघडला, तर पुन्हा निळं-पिवळं. दुपारपर्यंत पाचही कॉम्प्युटर तसेच. कुणी चेन्नईची अण्णा युनिव्हर्सिटी शोधावी, तर भलत्याच दुकानाचं पान यावं. एक खिडकी बंद करावी, तर दोन उघडाव्यात. व्हायरस शोधणाऱ्या कंपनीची साइट उघडायला जावं, तर ती उघडायचीच नाही. बाकी जग उघडायचं, तेवढी एक नाही.

आणि गुरुवारी संध्याकाळी व्हायचं ते झालं. त्याच गल्लीतले शाळामास्तर व्यंकटरमणराव मुलीला, वर्षाला, घेऊन आले होते. वर्षाला नर्सिंगचा अर्ज भरायचा होता. बाप मागे उभा, पोरगी जन्मतारीख भरतेय, आणि पडद्याच्या मधोमध एक जाहिरात उघडली. चित्र असं की टीचरनी धावत जाऊन पडद्यापुढे हात धरला. पण रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी बघायचं ते बघून घेतलं होतं.

व्यंकटरमणराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीचा हात धरला आणि दारात वळून एवढंच म्हणाले, "सीतारामरावांच्या जागेत हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं, कमलाक्षी."

टीचरनी त्या दिवशी शटर तासभर आधी ओढलं. घरी जाऊन कापी, म्हणजे कॉफी, केली आणि ती तशीच निवू दिली.

दुसऱ्या दिवशी शिवराज आला. हा याच गल्ल्यांतला, पस्तिशीचा, शहरातल्या निम्म्या कॉम्प्युटरांचा मेकॅनिक. त्याने पाचही मशिनं पुसून विंडोज नव्याने घातलं. दिवस गेला. पण दोन दिवसांनी निळं-पिवळं पान परत हजर. शिवराजने पुन्हा पुसलं, आणि तीन दिवसांनी पान पुन्हा परत आलं.

"अक्का, हे आता असंच," शिवराज कंटाळून म्हणाला. "सगळ्या सेंटरांत आहे. लोक काय वाटेल ते उघडतात. महिन्यातून एकदा पुसायचं आणि गप्प बसायचं. कसाला जीव आटवता?"

"तुझ्याकडे येणाऱ्याला तू असंच सांगतोस?"

"मग काय सांगू?"

"माझ्याकडं मूल एका ओळीत तीनदा तेच अक्षर चुकलं, तर मी 'असंच असतं' म्हणत नाही," टीचर म्हणाल्या. "कुठलं बोट चुकतंय ते बघते."

पहिल्यांदा मशिनं पुसली तेव्हापासून त्या थोडंथोडं टिपत होत्याच; त्या दिवसापासून त्यांनी रीतसर वही घातली. कुठल्या मशिनवर कोण बसलं, काय उघडलं, किती वाजता काय बिघडलं, सगळं मराठीत, तमिळ अक्षरांत. आणि सहा नंबरच्या जुन्या कॉम्प्युटरवर, ज्याला काहीच झालं नव्हतं, बसून वाचायला सुरुवात केली. इंग्रजी वाचायचा त्यांना कंटाळा नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांची इंग्रजी पत्रं त्यांनी टाइप केली होती. तिथंच त्यांना 'ट्रोजन' हा शब्द भेटला. ग्रीकांनी भेट म्हणून लाकडी घोडा दिला, लोकांनी तो आपल्या हाताने वेशीच्या आत ओढून घेतला आणि पोटातून सैनिक बाहेर पडले. म्हणजे हा चोर कुलूप फोडत नाही, घरातल्याच माणसाने दार उघडावं लागतं.

हे वाचून त्या थांबल्या. वही पुढे ओढली आणि आपणच लिहिलेल्या नोंदी वाचत गेल्या. पुसल्यावर एक दिवस ठीक. मग? मग त्यांच्याच हस्ताक्षरात, दोन्ही वेळा, एक ओळ होती: 'सीडीवरून कोलू परत घातला.' पाच मशिनांवर. सहावं मशीन ज्याच्यावर कोलू चालत नव्हता, तेवढंच निरोगी.

टीचरनी वही मिटली. मग शिवराजला फोन लावला.

"शिवराजा, कुठलं बोट चुकतंय ते सापडलं. माझंच आहे."

शिवराज आला, त्याने वही बघितली. त्याला तमिळ वाचता येत होतं आणि मराठी कळत होतं, त्यामुळे तो ती मोठ्याने वाचू लागला आणि मधेच हसू लागला. "अक्का, 'निळं भूत साडेदहाला आलं' असं लिहिलंय तुम्ही."

"हसू नको. भूत आलं कुठून ते समजलं. आता ते लपतंय कुठं ते दाखव मला. पुसायचं नाही. बघायचं."

"कोलू काढून टाकला की झालं की."

"कोलू काढून बघितला. भूत गेलं नाही. कोलूच्या पोटातून जे उतरलं ते मशिनमध्येच राहिलंय."

मग दोघांनी पद्धतशीर सुरुवात केली. तीन नंबरचा कॉम्प्युटर शिवराजने साफ पुसला. मशिनच्या आत त्या घडीला कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत त्याची एक यादी बघता येते. टीचरनी ती अख्खी यादी हाताने उतरवून घेतली. मग मुद्दाम कोलू घातला, मशीन बंद करून चालू केलं, आणि यादी पुन्हा उतरवली. दोन्ही कागद शेजारी ठेवले.

शिवराजने वरून खाली बोट फिरवलं. "काही नाही, अक्का. सगळी विंडोजचीच नावं आहेत. हा 'होस्ट'वाला आधी पाच वेळा होता, आता सहा वेळा आहे. तो कमी-जास्त होतच असतो. हे बाकीचं नेहमीचं."

टीचरनी टेबलाच्या खणातून लाल पेन्सिल काढली. परीक्षेआधी सरावाचे पेपर तपासायची ती पेन्सिल. डाव्या कागदावर एक, उजव्यावर एक, अशी नजर फिरवत त्या ओळीओळीने खाली आल्या आणि उजव्या कागदावर एका नावाखाली रेघ ओढली.

"हे वाच."

"एस-व्ही-सी-होस्ट."

"डोळ्याने वाच, सवयीने वाचू नको. अक्षर अक्षर म्हण."

शिवराज वाकला. "एस... सी... व्ही..." तो थांबला. पडद्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. "अय्यो."

"व्ही डाव्या हाताच्या तर्जनीचं, सी शेजारच्या बोटाचं," टीचर म्हणाल्या. "खालच्या ओळीत लागून लागून बसलेली अक्षरं. घाईत मधलं बोट आधी पडतं आणि दोघं उलटीपालटी होतात. पोरांची ही चूक मी तीस वर्षं कापत आले. पण ही चूक नाही. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. माणसं अक्षरं वाचत नाहीत, शब्दाचा आकार बघून पुढं जातात, हे त्याला ठाऊक आहे."

विंडोजच्या खऱ्या नोकराचं नाव घेऊन, दोन अक्षरं इकडची तिकडे करून, तो नोकरांच्याच रांगेत उभा होता. शिवराजने त्याला तिथल्या तिथे बंद केला. नाव यादीतून गेलं. दोघांनी श्वास सोडला. तीन सेकंदांत ते परत आलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा परत आलं.

"ह्याला कुणीतरी उठवतंय," टीचर म्हणाल्या आणि पेन्सिल घेऊन पुन्हा वरून सुरुवात केली.

या वेळी त्यांना वीस मिनिटं लागली. 'एक्सप्लोरर' हे विंडोजचं रोजचं नाव. यादीत ते दोनदा होतं. एकात एल होता आणि दुसऱ्यात एलच्या जागी एकाचा आकडा.

टीचर हसल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. जुन्या टाइपरायटरवर एकाच्या आकड्याला वेगळी कळच नव्हती. सगळे टायपिस्ट छोटा एल दाबून एक लिहायचे. कॉम्प्युटरवर आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांची ही खोड मोडायला टीचरना दोन वर्षं लागली होती. एल म्हणजे एल, एक म्हणजे एक, असं घोकून घ्यायच्या. त्याच फटीत हा दुसरा लपून बसला होता. दोघं एकमेकांची राखण करत होते. एकाला मारलं की दुसरा त्याला उठवायचा.

पुढचं काम शिवराजला येत होतं. विंडोजला अर्धवट जागं करायची एक रीत असते. त्यात नेमके गरजेचे प्रोग्रॅम तेवढे उठतात, बाकीचे झोपलेले राहतात. तसं मशीन सुरू करून त्याने दोघांनाही झोपेत असताना काढलं. मशीन सुरू होताना कोणाकोणाला हाक मारायची, त्या यादीतली त्यांची नावं खोडली. मग टीचरनी विचारलं, ती एक साइट का उघडत नव्हती? मशिनच्या आत पत्त्यांची एक छोटी फाइल असते. चोरांनी तिच्यात व्हायरसवाल्या कंपन्यांच्या नावांपुढे खोटे पत्ते लिहून ठेवले होते. औषधाच्या दुकानाचा रस्ताच बुजवला होता. टीचरनी स्वतः एकेक ओळ खोडली.

मग होमपेज लावलं. ब्राउझर बंद केला, उघडला. मशीन बंद केलं, चालू केलं. रोजचं पान आलं आणि जागेवर राहिलं.

 शिवराजने हात जोडले. टीचर म्हणाल्या, "चार मशिनं राहिलीत," आणि पेन्सिलीला टोक काढायला बसल्या. पण मनातून त्यांना जे वाटत होतं, ते त्यांना वडिलांच्या वेळी पहिला विद्यार्थी पहिल्या वर्गात पास झाला होता तेव्हा वाटलं होतं.

खरं अवघड काम पुढे होतं. टीचरनी आणखी वाचलं, तेव्हा कळलं की हे सगळं कुणी गंमत म्हणून केलेलं नव्हतं. भलत्या पानावर नेलेल्या प्रत्येक माणसामागे कुणाला तरी कमाई होती. आणि या जातीतले काही प्रोग्रॅम एवढ्यावर थांबत नाहीत. माणूस जे पासवर्ड टाइप करतो तेही टिपून बाहेर पाठवतात. हा कुठल्या जातीचा, ते सांगता येत नव्हतं.

सेंटरच्या रजिस्टरात त्या दिवसांत बसलेल्या प्रत्येकाचं नाव-पत्ता होता. एकेचाळीस माणसं.

"कुणाला कळलेलं नाही, अक्का," शिवराज म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तर सेंटर बंद पडेल."

"शिवराजा, पेपरात चूक दिसली आणि मी ती सोडली, असं एकदाही केलेलं नाही. स्वतःच्या पेपरात सोडू?"

रोज सकाळी सेंटर उघडायच्या आधी त्या घराघरांतून फिरल्या. "माझ्या मशिनांत चोर शिरला होता. मीच त्याला आत घेतला. तुमचा पासवर्ड आजच्या आज बदला, माझ्याकडे येऊन नाही तर दुसरीकडे, पण बदला." काही जणांनी चहा दिला, एकाने दारातच बरंच सुनावलं. पासवर्ड म्हणजे काय ते एका आजोबांना तिथंच बसून समजावून सांगावं लागलं.

तिरुवैयारूला त्या बसने गेल्या. विशालाक्षी अम्मा तिथं वीणा शिकवायच्या. त्यांच्या शिष्या सिंगापूरपासून टोरांटोपर्यंत पसरलेल्या, आणि त्यांची ईमेलवरची पत्रं वाचायला त्या दर मंगळवारी तंजावूरला टीचरकडे येत. टीचर ओसरीवर पोचल्या तेव्हा विशालाक्षी अम्मा हवालदिल होऊन बसल्या होत्या. सगळ्या शिष्यांना त्यांच्या नावाने पत्र गेलं होतं, 'माझा कोलू बघा', सोबत एक फाइल. त्यांनी असं पत्र लिहिलेलंच नव्हतं. सिंगापूरहून फोन आला होता की आमचा कॉम्प्युटर बिघडला.

टीचरनी सगळं सांगितलं, काही न लपवता.

 विशालाक्षी अम्मा म्हणाल्या, "कमलाक्षी, माझ्या नावाने बेसूर वाजवलं कुणीतरी."

"होय, अम्मा. आणि वीणा त्याच्या हातात मी दिली."

"मग आता दोघी मिळून पत्र लिहू." आणि त्या टीचरबरोबर त्याच बसने तंजावूरला आल्या. पासवर्ड बदलला. विशालाक्षी अम्मांनी सांगितलं, टीचरनी टाइप केलं: ती फाइल उघडू नका, उघडली असेल तर काय करायचं ते, एकेक पायरी, कुठलं अक्षर कुठं बघायचं त्यासकट. चार दिवसांत सात ठिकाणांहून उत्तर आलं की सांगितलं तसं केलं आणि मशीन ठीक झालं.

व्यंकटरमणरावांच्या घरी त्या मुद्दाम सगळ्यांत शेवटी गेल्या. मास्तरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे सांगायला कुणी लावलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता वर्षा एकटीच सेंटरच्या दारात उभी होती. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस होते. "अप्पा म्हणाले, टीचरकडेच भर."

त्या वर्षी डिसेंबरात पापनाशमला टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटवाल्यांची जिल्ह्याची सभा भरली. बहुतेकांनी आपापल्या ठिकाणी कॉम्प्युटर घेतले होते आणि बहुतेकांकडे निळं-पिवळं पान होतं. टीचरना बोलायला बोलावलं. त्या आयुष्यात कधी व्यासपीठावर चढलेल्या नव्हत्या. त्यांनी फळ्यावर दोन नावं लिहिली, एकाखाली एक, आणि समोरच्या साठ जणांना विचारलं, "काय फरक आहे?" पहिल्या रांगेतल्या राजम नावाच्या म्हाताऱ्या टीचरनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं. सगळा हॉल हसला, आणि मग सगळे वह्या काढून लिहायला लागले.

शेवटी मागे बसलेला, कुठल्याशा कॉलेजातून पाहुणा म्हणून आलेला एक प्राध्यापक उठला. "मॅडम, कॉम्प्युटरमध्ये तुमची डिग्री कुठली?"

"टाइपरायटिंगची हायर परीक्षा," कमलाक्षी टीचर म्हणाल्या. "इंग्रजी आणि तमिळ. दोन्ही पहिल्या वर्गात."

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्या आधीच फळा पुसायला वळल्या होत्या. पण राजम टीचरनी सांगितलं, पुसू नका, अजून लिहून झालं नाही. म्हणून त्या खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, मागच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाचं लिहून होईपर्यंत.